मित्रांचं गुप्त मंडळ काढलं, त्याच्या नोंदी (पुणे, जानेवारी ते जून २०२५)

मंडळाचं नाव इथे लिहिणार नाही, ते गुप्त आहे. बाकी जवळपास सगळं लिहितेय, कारण आम्ही सुरू केलं तेव्हा मराठीत असं काही वाचायला मिळालं नव्हतं आणि बऱ्याच गोष्टी पैसे आणि रविवार घालवून कळल्या. कोणाला आपल्या ग्रुपमध्ये असं काही काढायचं असेल तर उपयोग होईल.

१२ जानेवारी, रविवार

आम्ही सहा जण, कॉलेजपासूनचे. सगळे पुण्यातच राहतो तरी भेट होते ती लग्नात नाहीतर कोणाच्या घरी काही झालं तर. झोपने (हे मंडळातलं नाव, कसं पडलं ते पुढे) विषय काढला की आपण एक गुप्त मंडळ काढू, खेळ म्हणून, पण खेळ नीट खेळू.

पहिल्या बैठकीत तीनच गोष्टी पक्क्या झाल्या. वर्गणी नाही, खर्च झाला की सहा भाग. राजकारण नाही. आणि कोणाला लाज वाटेल, भीती वाटेल किंवा नुकसान होईल असं काही करायचं नाही. बाकीचा सगळा वेळ नाव ठरवण्यात गेला, संध्याकाळची रात्र झाली. सुरू करणाऱ्यांना एवढंच सांगेन की नाव पहिल्या दिवशी ठरवू नका, महिन्याभराने ते आपोआप सापडतं, आमचं तसंच सापडलं.

शपथही घेतली, समईसमोर उभं राहून. ते मात्र भारी झालं, ते ठेवा.

१९ जानेवारी

व्हॉट्सॲप ग्रुप बंद केला. आठवड्याभरात त्यात सुप्रभात आलं, कोणाच्या तरी भाच्याचा डान्स आला, फ्लॅट भाड्याने आहे आला. फोनवर सगळं तीन सेकंदात कळतं मग गुप्त काय राहणार. ठरलं की मंडळाचं काहीही फोनवर बोलायचं नाही, टाइप करायचं नाही. कोणी आजारी असेल, अडचण असेल तर अर्थात फोन करायचा, पण ते मित्र म्हणून.

निरोप पोस्टकार्डाने. साधं पोस्टकार्ड अजून पन्नास पैशाला मिळतं, शंभर कार्डं आणली, पन्नास रुपये झाले. पोस्टकार्ड उघडं असतं, घरातला कोणीही वाचू शकतो, म्हणून आता लिपी नाहीतर कोड पाहिजे.

२६ जानेवारी

नावं ठरली. वाट (हेही मंडळातलंच नाव) गाणं शिकलाय, त्याने कटपयादी म्हणजे अक्षरांना आकडे द्यायची जुनी पद्धत सांगितली. कर्नाटक संगीतात ७२ मेळकर्ता रागांची नावं यावरच बांधलेली आहेत, नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून रागाचा नंबर निघतो. धीरशंकराभरण मधलं धी म्हणजे ९, र म्हणजे २, आकडे उजवीकडून वाचायचे, म्हणून २९वा मेळ.

पद्धत अशी. क ते झ म्हणजे १ ते ९ आणि ञ शून्य. ट ते ध पुन्हा १ ते ९ आणि न शून्य. प ते म १ ते ५. य ते ह १ ते ८, आणि ळ ९. काना मात्रा वेलांटी काही धरायचं नाही. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरतात पण आम्ही जोडाक्षरं टाळतोच.

मग प्रत्येकाने आपल्या जन्मतारखेचा शब्द शोधला. १४ तारखेचा वाट (व ४, ट १, उलट वाचून १४). १९ची झोप. २४चा वारा. मी २१ची म्हणून पीठ. दोघांची तारीख एकच, २५, तिथे वाटलं की आता गोंधळ, पण काना वेलांटी धरायची नसते त्यामुळे एक मीठ झाली आणि एक माठ. मला ही पद्धत फार आवडली कारण नाव लपवतंही आणि ज्याला किल्ली माहीत आहे त्याला वाढदिवसही सांगतं.

बैठकीची तारीख आणि वेळ पण याच पद्धतीने. कार्डावर साधं घरगुती पत्र लिहायचं, प्रत्येक ओळीचा फक्त पहिला शब्द मोजायचा.

९ फेब्रुवारी

मोडीचा प्रयत्न. जास्त लांब मजकूर असेल तर कटपयादी कामाची नाही, आणि मोडी आपल्या घरचीच लिपी, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथल्या शाळेत होती, आता वाचणारे थोडे. भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग असतात पण आमच्या वेळा जमेनात, म्हणून तक्ता छापून घेतला आणि प्रत्येकाने घरी गिरवायचं ठरलं. फोनमध्ये फॉन्ट घालून छापता येतं (मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली), पण छापलेलं बघून हात बसत नाही असा अनुभव. हातानेच लिहा.

१६ फेब्रुवारी

माठने सरावासाठी लिहिलेला कागद फ्रिजवर चुंबकाने लावला होता, आम्ही चहा घेत होतो आणि त्याची आजी, वय ८७, दूध ठेवायला आली आणि सहज मोठ्याने वाचला. 'रविवारी टेकडीवर सात वाजता सगळ्यांनी यावे.' मग माठला म्हणाली, हे कोणी लिहिलंय रे, अक्षर सुटं सुटं पडलंय.

आमची लिपी तिथेच फुटली, पण आम्हाला त्या दिवशी जे शिकायला मिळालं ते तक्त्यातून मिळालं नसतं. आजींनी पेन घेतलं, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आधी एक सरळ रेघ ओढली, पूर्ण ओळीची, आणि मग त्या रेघेखाली अक्षरं लिहीत गेल्या, हात जवळजवळ न उचलता. आम्ही देवनागरीसारखं एकेक अक्षर काढून डोक्यावर रेघ देत होतो, म्हणून वेळ लागत होता आणि दिसतही वेगळं होतं. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. ऱ्हस्व दीर्घ वेलांटीचा विचार करायचा नाही, मोडीत ती एकच. त्यांचं म्हणणं, 'अक्षर नका बघू, ओळ बघा, ओळ कळली की अक्षर कळतं.' वाचताना हे खरंच लागू पडतं, आधी आम्ही एका अक्षरावर अडून बसायचो.

मी विचारलं, आजी तुम्ही आमच्या परीक्षक व्हाल का. त्या म्हणाल्या, कसली परीक्षा ते सांगा म्हणजे हो नाही सांगते. सांगितलं. हो म्हणाल्या. तेव्हापासून मोडीतलं कुठलंही पत्र त्यांच्या नजरेखालून जातं आणि त्या लाल पेनाने खुणा करून देतात. शपथ त्यांनी घेतली नाही, या वयात नवीन शपथा नको म्हणाल्या, आणि आम्हाला ते पटलं.

२ मार्च

न दिसणारी शाई. हा पूर्ण दिवस माझ्या स्वयंपाकघरात गेला, थोडं सविस्तर लिहिते कारण यावर सगळे पहिल्यांदा लिंबूच सांगतात.

लिंबाचा रस वापरला, वाळला, वरून इस्त्री फिरवली. अक्षरं येतात, पण कागदही पिवळा पडतो आणि पातळ कागद करपतो. शिवाय निरोप मिळणाऱ्याने इस्त्री कुठून आणायची. बाद.

मग मीठने (ती शाळेत केमिस्ट्री शिकवते) कुंकवाची आठवण करून दिली. हळदीत चुना गेला की लाल होते, कुंकू त्यातूनच व्हायचं. म्हणजे चुन्याच्या निवळीने लिहायचं, वाळलं की काही दिसत नाही, वरून हळदीचं पाणी फिरवलं की लाल अक्षरं. लगेच करून बघितलं आणि झकास आलं, सगळे ओरडलो. पण आठवड्याभरापूर्वी तिने घरी लिहून ठेवलेला कागद आणला होता, त्यावर हळद फिरवली तर जेमतेम पुसट काहीतरी. कारण चुना हवेत राहिला की त्याचा खडू होतो, मग हळद लाल करण्याइतका दम राहत नाही. आमचे निरोप पोचायलाच चारपाच दिवस लागतात, त्यामुळे चुना बाद.

खायचा सोडा टिकतो पण रंग फिका. शेवटी पापडखार. अर्धी वाटी पाण्यात एक चमचा पापडखार, ढवळून गाळून घ्यायचं, बारीक ब्रशने लिहायचं. ब्रशच, पेनने कागदावर ओरखडा उठतो आणि तिरपा धरला की वाचता येतो.

दुसरी अडचण अशी की हळदीचं पाणी फिरवलं की अक्षरं विरघळून पसरतात, सगळा कागदच लाल. त्यावर उपाय मीठचाच, पाण्याऐवजी सॅनिटायझरमध्ये हळद कालवायची, पातळ स्पिरिटवाला सॅनिटायझर, जेल नको. पापडखार स्पिरिटमध्ये विरघळत नाही त्यामुळे अक्षर जागच्या जागी लाल होतं. कापसाचा बोळा टिपायचा, घासायचा नाही. जवळ गॅस चालू ठेवू नका, स्पिरिट आहे.

कपड्यावर हळद पडली तर साबण लावायच्या आधी पाण्याने धुवा, साबणाने तीच लाल होते. राहिलेला डाग उन्हात घाला, दोन दिवसात जातो.

१७ मार्च, सोमवार

कालची बैठक निम्मीच झाली. कार्ड मी ११ तारखेला टाकलं होतं. मजकूर असा:

तूप संपत आलंय, येताना आणावं.
सून बरी आहे, काळजी नसावी.

तूप म्हणजे १६ तारीख, सून म्हणजे ७ वाजता. पण मध्ये १४ला धुळवडीची सुट्टी आली आणि तिघांची कार्डं आज पोचली. वाराच्या आईने ते वाचून वाण्याला एक किलो तूप सांगितलं, आणि वाराची बायको विचारतेय की मी बरी आहे म्हणजे काय, मला काय झालं होतं, आणि हे कोण लिहितंय.

दोन दुरुस्त्या. एक, कार्ड कमीत कमी दहा दिवस आधी टाकायचं आणि बैठकीची तारीख आदल्या बैठकीतच तोंडी ठरवायची, कार्ड फक्त जागेसाठी आणि बदल असेल तर. दुसरी जास्त महत्त्वाची, घरच्यांना सांगून टाकायचं की आम्हा मित्रांचं एक गुप्त मंडळ आहे, काय करतो ते सांगणार नाही. असं मंडळ आहे हेच लपवलं की घरात वेगळेच संशय येतात, रविवारी संध्याकाळी नवरा 'सांगता येत नाही' म्हणत बाहेर जातो हे कोणाच्याही घरात बरं वाटणार नाही. सांगितल्यावर वाराची बायको एकदम निवांत झाली, उलट आता तीच कार्ड आलं की त्यातला कोड मोडायला बसते. मोडू दे. तुपाचे पैसे आम्ही वाटून घेतो म्हणालो, काकूंनी घेतले नाहीत, बेसनाचे लाडू करून पाठवले.

२३ मार्च

लाख आणि मोहोर. तांबट आळीत गेलो, तिथले लोक भांडी घडवणारे, कोरीव कामाला त्यांनी दुसऱ्या एकाकडे पाठवलं. पितळी मोहोर, मोडीतलं एक अक्षर, १,२०० रुपये, आत्तापर्यंतचा सगळ्यात मोठा खर्च. बारीक रेघांचं सुंदर डिझाइन नेलं होतं, कारागिरानेच सांगितलं की रेघा जाड करा, उथळ बारीक रेघेत लाख बसते आणि ठसा भरून जातो. ऐकलं म्हणून वाचलो.

लाखेची कांडी थेट मेणबत्तीवर धरली की काजळी लागून लाखेत काळ्या रेषा येतात. जुन्या स्टीलच्या चमच्यात तुकडे घालून खालून आच द्या. मोहोर चिकटते, तिला तेलाचं बोट फिरवा आणि प्रत्येक ठशानंतर थंड पाण्यात बुडवून पुसून घ्या. गरम मोहोर कधीच सुटून येत नाही.

पोस्टाने पाठवलेल्या पाकिटावरची लाख सगळ्यांकडे तुकडे होऊन पोचली. लाख ठिसूळ, पाकिटं वाकतात. आता लाख फक्त हातोहात द्यायच्या पत्राला.

६ एप्रिल

निरोप ठेवायच्या जागा. हा भाग नीट वाचा.

आधी झोपने वेताळ टेकडीवर एका बाकाखाली पेढ्याचा रिकामा डबा ठेवला, आत पत्र. सकाळी फिरायला येणाऱ्यांनी तो बघितला, बाजूला गर्दी झाली, एक जण पोलिसांना फोन करायच्या बेतात होते. माठ योगायोगाने तिथेच होता, त्याने डबा उघडून सगळ्यांना कागद दाखवला आणि माफी मागितली. लोकांचं अजिबात चुकलं नाही, बेवारस डबा दिसला तर फोन करायलाच पाहिजे आणि या शहराने बॉम्बस्फोट भोगलेले आहेत. त्या दिवशी नियम झाला की सार्वजनिक जागी, टेकडीवर, देवळात, बसमध्ये काहीही ठेवायचं नाही, पुरायचं नाही, चिकटवायचं नाही. ठेवायचं ते मालकाला विचारून, मालकाच्या जागेत.

मग ओळखीच्या वाण्याला विचारलं. त्यांनी लगेच गल्ल्यामागची बरणी दिली. परवलीचा शब्द ठरला, 'काळा गूळ आहे का?' दोनच दिवसात एका खऱ्या गिऱ्हाइकाने काळा गूळ मागितला आणि काकांनी त्यांना आमचं पाकीट दिलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं, आत कोरा कागद आहे म्हणाले.

शब्दाऐवजी खूण बरी. बसचं तिकीट अर्धं फाडून एक तुकडा दुकानात एक आपल्याकडे असं केलं, पण ते तिकीट उष्णतेने छापलेलं, एप्रिलच्या उन्हात खिशात कोरं पडलं. आता खेळायचा पत्ता वापरतो, बदामची राणी वेडीवाकडी फाडायची, दोन तुकडे जुळले तरच पाकीट. हे एकदाही चुकलेलं नाही. जुना कॅट असेल तर खर्चही नाही, आम्ही नवीन घेतला, ४० रुपये.

२० एप्रिल

तीनच जण आले. मीठ, मी आणि वाट. कोणाचं भांडण नाही, कोणी सोडून गेलं नाही, पण कळत होतं की हवा गेलीय.

बराच वेळ बोललो. वाट म्हणाला, आपल्याकडे लिपी आहे, शाई आहे, मोहोर आहे, जागा आहे, आणि त्यातून आपण एकमेकांना काय कळवतोय तर पुढची बैठक कधी. बरोबर होतं. तीन महिने आम्ही कुलपं बनवत होतो आणि आत ठेवायला काही नव्हतं. मला वाटतं अशी बरीचशी मंडळं इथेच बंद पडत असतील, आणि ती बंद पडतात तेव्हा लोक म्हणतात की वेळ मिळत नाही.

म्हणून त्या रात्री कामगिरी ठरली. दर दोन महिन्यांनी एक माणूस निवडायचा, मंडळाबाहेरचा, आपल्या रोजच्या ओळखीतला, आणि त्याच्यासाठी काहीतरी करायचं की जे त्याला हवंय पण त्याने मागितलेलं नाही. कोणी केलं ते त्याला कधी कळू द्यायचं नाही. पैशाची मदत नाही, ती दुसरी गोष्ट आहे आणि तिथे लपवाछपवी बरी नाही. हाताने करायचं काम.

बाकी तिघांना त्याच रात्री पत्र लिहिलं, पापडखाराने, आणि प्रत्येकाच्या घरी हाताने नेऊन दिलं. पुढच्या बैठकीला सहाही जण वेळेच्या आधी हजर.

४ मे

करपल्लवी. पूर्वी गोंधळी लोक करायचे, एकाने प्रेक्षकातल्या माणसाचं नाव कानात ऐकायचं, बोटांच्या खुणा करायच्या आणि लांब बसलेल्या जोडीदाराने ते नाव बिनचूक सांगायचं. किल्ली एका जुन्या पद्यात आहे: अहिफन कमल चक्र टंकार, तरु पल्लव यौवन शृंगार. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर म्हणजे एक वर्ग, स्वर, क, च, ट, त, प, य, श. आधी हाताने त्या वस्तूची खूण (नागाची फणी, कमळ, फिरतं चाक...), मग बोटांनी वर्गातलं कितवं अक्षर, मग चुटक्यांनी मात्रा. यौवन आणि शृंगाराच्या खुणा आम्ही आमच्या ठरवल्या.

अडलं कुठे तर चुटक्यांवर. अर्धे जण बाराखडीप्रमाणे क ला एक, का ला दोन मोजत होते आणि अर्धे का ला एक. 'राम'चं रिमा होत होतं. ठरवलं की अ ला चुटकी नाही, आ ला एक, पुढे क्रमाने. आणि हॉटेलात चुटकी वाजवली की वेटर येतो, त्याला वाटतं आपण त्याला बोलावतोय, तेही असं बोलावणं कोणाला आवडेल. चुटकीऐवजी अंगठ्याने टेबलावर टकटक. ळ ला य-श मध्ये जागा नव्हती, त्याला ह च्या पुढे बसवला.

रोज दहा मिनिटं केलं तर तीन आठवड्यात नाव सांगण्याइतकं येतं. वाक्यं विसरा.

११ मे

पहिली कामगिरी झाली. आम्ही कॉलेजपासून ज्या टपरीवर चहा पितो (कुठली ते लिहीत नाही) तिथल्या काकांचा दरफलक. पत्र्याचा होता, गंजून अर्धी अक्षरं गेलेली, चहाचा दर खडूने तीनदा बदललेला, आणि नवीन गिऱ्हाईक प्रत्येक वेळी विचारतं म्हणून काका दिवसभर तेच सांगत बसतात.

माप घ्यायचं होतं, पण टेप काढला तर कळणार. वाटने फलकाला टेकून उभं राहून आपल्या शर्टाच्या बटणांवर मोजमाप घेतलं, घरी येऊन बटणांमधलं अंतर मोजलं. प्लायवूड, प्रायमर, ऑइल पेंट, ब्रश मिळून ८२० रुपये. अक्षरं मीठने काढली, पेंटरसारखी, जाड बुडाची आणि उजवीकडे बारीक सावली दिलेली. खडूची दोरी ताणून ओळी मारून घेतल्या होत्या तरी 'कटिंग' मधला ट दोनदा पुसून काढावा लागला, त्याचा गोल खाली ओघळत होता. फळी उभी ठेवून रंगवत होतो म्हणून. आडवी टाकली आणि रंग घट्ट घेतला, थांबला.

पहिल्यांदा दरही ऑइल पेंटने लिहिले होते. वाळेपर्यंत लक्षात आलं की दूध महागलं की हा फलक पुन्हा खोटा होणार. मग दराच्या जागी छोटे चौकोन करून त्यात फळ्याचा काळा रंग दिला, म्हणजे काकांना खडूने बदलता येईल. या दुरुस्तीत आणखी एक रविवार गेला, पण फलकाचा जीव त्या चौकोनांतच आहे.

टपरीवरच्या पोऱ्याला विश्वासात घेतलं होतं. पहाटे पाचच्या आधी माठ आणि वाराने जुन्या खिळ्यांवर नवीन फलक टांगला, जुना मागे नीट ठेवून दिला, टाकला नाही, तो त्यांचा आहे.

सकाळी आठला आम्ही सगळे वेगवेगळे गेलो, एकमेकांना ओळख न दाखवता. काका फलकासमोर उभे. येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, तुम्ही लावला का. मलाही विचारलं. मी म्हटलं, नाही काका, पण छान झालाय. मग त्यांनी खडू घेतला, सगळ्यात खाली जी रिकामी ओळ उरली होती तिथे स्वतःच्या अक्षरात 'बन मस्का' लिहिलं, आणि दोन पावलं मागे येऊन बघत राहिले. चहाचा कप हातात धरून हसू दाबून उभं राहणं फार कठीण गेलं.

२७ मे

पाऊस यंदा मे मध्येच आला. वाण्याच्या दुकानात ओल शिरली आणि बरणीतली पापडखाराची दोन पत्रं गेली, दमट कागदावर अक्षरं पसरतात, हळद लावल्यावर नुसता लाल डाग. झिपवाल्या पिशव्या आणल्या, आत तांदळाची छोटी पुरचुंडी. पावसाळ्यात महत्त्वाचं असेल ते पेन्सिलीने मोडीत लिहा, पेन्सिल पाण्याला दाद देत नाही.

१५ जून

दुसरी कामगिरी. माझ्या ऑफिसात नागपूरहून बदली होऊन आलेला एक जण, सहा महिन्यात पुण्यात कोणी ओळखीचं नाही, शनिवार रविवार खोलीवर. त्याच्यासाठी पेठांमधली कोड्यांची वाट आखली. त्याच्या टेबलावर पत्र, लाखेचा ठसा, आत कोरा कागद, सोबत बाटलीत हळद-सॅनिटायझर, कापूस आणि 'टिपा, घासू नका' एवढंच. तो एकटा अनोळखी शहरात, म्हणून पत्रात माझ्या नावाने एक ओळ साधी लिहिली होती की हे सुरक्षित आहे, नको असेल तर मला परत दे. म्हणजे यावेळी मी उघड झाले, बाकी मंडळ नाही. कोणालाही निनावी पत्राने कुठेही बोलावू नका, हे माझं ठाम मत आहे.

पुण्यातल्या देवांची नावंच अशी आहेत की कोडं करायला वेगळं डोकं लागत नाही. पासोड्या विठोबापासून सुरुवात, मग तुळशीबागेजवळचा जिलब्या मारुती, मग सदाशिव पेठेत खुन्या मुरलीधर आणि उपाशी विठोबा, शेवट शनिवार पेठेतला गुपचूप गणपती. देवळात काहीही लपवलं नव्हतं, प्रत्येक ठिकाणी जवळच्या एका दुकानात पत्त्याचा तुकडा जुळवून पुढची चिठ्ठी. दुकानदार आधी विचारून ठेवलेले, एकानेही नाही म्हटलं नाही, उलट जिलब्या मारुतीजवळच्या काकूंनी त्याला मारुतीचं नाव असं का पडलं हे सांगता सांगता पाऊण तास बसवून ठेवला. आमचं सगळं वेळापत्रक कोलमडलं. पुढच्या वेळी प्रत्येक थांब्याला तासभर धरणार, कारण त्या पाऊण तासासाठीच तर तो बाहेर पडायला हवा होता.

एक चिठ्ठी पावसात भिजली, पिशवी नीट बंद झाली नव्हती. वारा शेजारच्या अमृततुल्यमध्ये बसला होता, त्याने करपल्लवी केली, पण समोरच्याला ती कुठे येतेय. शेवटी वारा उठला आणि सरळ बोलून पत्ता सांगितला. खुणांची भाषा दोघांना येत असेल तरच उपयोग, पाहुण्यासाठी कायम एक साधा पर्याय ठेवा.

शेवटी गुपचूप गणपतीशी सगळे भेटलो. त्याला मंडळात घेतलं. त्याचा जन्म १८ तारखेचा निघाला. नाव हाक.

२९ जून

हिशेब. मोहोर १,२००, लाख १२०, पोस्टकार्डं ५०, कागद-पाकिटं १५०, पत्ते ४०, फलक ८२०, पिशव्या ६०, हळद-पापडखार-सॅनिटायझर १००. एकूण २,५४० रुपये, सहा जणांत डोई सव्वाचारशेच्या आत. चहा-वड्यांचा हिशेब ठेवला नाही. मोहोर आत्ता घेतली नसती तरी चाललं असतं, बटाट्याचा ठसाही लाखेत उमटतो, झोपने करून बघितलं, फक्त एका पत्रानंतर तो शिजतो.

वेळ सगळ्यात जास्त गेला तो शाईत आणि फलकात. शाईचा कमी करता येईल, वरचं प्रमाण वापरा. फलकाचा कमी करू नका.

अजून दोन गोष्टी अडलेल्या आहेत. हाक नागपूरचा, त्याला मोडी शून्य, आजी म्हणतात रोज संध्याकाळी पाठवा, पण त्याची शिफ्ट रात्रीची. आणि पुढच्या कामगिरीला मीठच्या सोसायटीतल्या वॉचमन काकांचं नाव आलंय, त्यांना रेडिओ लागतो आणि त्याचा एरियल तुटलाय. कोणाला जुन्या ट्रान्झिस्टरचा टेलिस्कोपिक एरियल पुण्यात कुठे मिळतो माहीत असेल तर सांगा, बारा इंची हवाय, बुडाला स्क्रूचं भोक असलेला.